धम्म आणि कला : लेणी कोरणाऱ्यांपासून आपल्यापर्यंत

(विहाराच्या वर्धापनदिनी झालेल्या व्याख्यानाचा लेखी मजकूर)



 

समितीने मला विषय दिला आहे 'कला आणि अध्यात्म'. मी काही प्राध्यापक नाही. १९८२ च्या संपानंतर ज्या थोड्या गिरण्या चालू राहिल्या, त्यातल्या एका गिरणीत मी बदली म्हणून लागलो आणि साचा खात्यात माझी उमेदीची वर्षं गेली. वाचन झालं ते रात्रपाळी संपवून आल्यावर, नाहीतर लोकलच्या प्रवासात. तेव्हा माझ्या बोलण्यात पंडिती सापडणार नाही. पण हा विषय आपल्या विहाराच्या दृष्टीने अगदी वेळेवर आला आहे असं मला वाटतं. समितीपुढे आज दोन प्रश्न आहेत. एक, विहाराच्या नूतनीकरणात जमलेला निधी मोठ्या संगमरवरी मूर्तीवर आणि सजावटीवर किती घालायचा? दुसरा, येत्या जयंतीला डीजे लावायचा की नाही? वरवर पाहता हे हिशेबाचे प्रश्न आहेत. पण मुळात ते कला आणि मन यांच्या नात्याचेच प्रश्न आहेत.

प्रथम शब्दांचा खुलासा करतो, कारण या विषयातले दोन्ही शब्द आपल्याला जपून वापरावे लागतात.

'अध्यात्म' म्हटलं की आत्मा आला, परमात्मा आला, आणि त्यामागून बुवा-महाराज आले. भगवान बुद्धांनी आत्मा मानला नाही. बाबासाहेबांनीही 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथात आत्म्याच्या कल्पनेला थारा दिलेला नाही. मग आपण या शब्दाचं काय करायचं? पाली भाषेत 'अज्झत्त' असा शब्द आहे. त्याचा साधा अर्थ 'आपल्या स्वतःच्या आत'. ध्यानाला बसताना आपण आत पाहतो, राग आला तर राग आला हे ओळखतो, लोभ आला तर लोभ ओळखतो. मनाची अशी मशागत करणं यालाच धम्मात भावना म्हणतात. आज मी अध्यात्म म्हणेन तेव्हा एवढाच अर्थ घ्यावा. मन ओळखणं आणि मन स्वच्छ करणं. त्यात कुठला चमत्कार नाही.

दुसरा शब्द 'कला'. याही शब्दाशी आपलं नातं सरळ नाही, बंधूंनो. आपल्या वाडवडिलांच्या वाट्याला कला आली ती जातीचं काम म्हणून आली. गावात लग्न असो की जत्रा असो, वाजवायला आपली माणसं. पंगत बसली की तीच माणसं बाहेर. तमाशाच्या फडात आपल्याच आयाबहिणी पोटासाठी नाचल्या, आणि पाहणारे त्यांची कला पाहत होते की आणखी काही, हे सांगायला नको. माझ्या आजोबांनी १९५६ च्या धर्मांतरानंतर गावकीचं वाजवणं बंद केलं. त्यांच्यासारख्या कितीतरी माणसांनी हलगी खुंटीला टांगली ती परत काढली नाही. त्यांना तालाचा कंटाळा आला होता म्हणून नव्हे. लाचारीने वाजवायचं नाही, असं त्यांनी ठरवलं होतं.

म्हणून आपल्यातले काही जुने लोक म्हणतात, गाणंबजावणं नको, चित्रबित्र नको, शिक्षण घ्या म्हणजे झालं. मला त्यांच्या म्हणण्यामागचं दुःख समजतं. पण इथेच आपल्या चळवळीचा इतिहास आठवला पाहिजे. १९३० च्या दशकात आंबेडकरी जलसे उभे राहिले. भीमराव कर्डक आणि त्यांचे सहकारी गावोगाव फिरले. ढोलकी तीच होती, गळे तेच होते. बदललं काय? वाजवणारा बदलला. तो आता कोणाच्या दारात बलुत्यासाठी उभा नव्हता, स्वतःच्या माणसांना जागं करायला उभा होता. पुढे वामनदादा कर्डक (१९२२ ते २००४) यांनी हजारो गीतं रचली आणि ज्यांना अक्षर ओळखता येत नव्हतं त्यांच्या घरात धम्म गाण्यातून पोहोचला. अण्णाभाऊ साठे मुंबईत आले, गिरणीत राबले, शाहीर झाले, आणि आपली 'फकिरा' ही कादंबरी त्यांनी बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केली. तेव्हा कला टाकून देण्याची गोष्ट नाही. ती कोणाच्या ताब्यात आहे आणि मनावर काय करते, हे पाहण्याची गोष्ट आहे.

आता भगवान बुद्ध स्वतः कलेबद्दल काय म्हणाले ते पाहू. कोणी म्हणेल, उपोसथाच्या दिवशी आपण आठ शील घेतो, त्यात नाच, गाणं, वाजवणं यांपासून दूर राहण्याचा नियम आहेच. खरं आहे. भिक्खूंनाही तो नियम आहे. पण त्रिपिटकात एवढंच सांगून थांबलेलं नाही. तिथे तीन प्रसंग आहेत, ते एकत्र वाचले म्हणजे अर्थ लागतो.

पहिला प्रसंग तालपुटाचा. हा एका नाटक मंडळीचा नायक होता. त्याने भगवंतांना विचारलं, आमच्या जुन्या गुरूंच्या सांगण्याप्रमाणे लोकांना हसवणारा नट मेल्यावर स्वर्गात जातो, हे खरं का? भगवंत म्हणाले, हे विचारू नकोस. त्याने पुन्हा पुन्हा विचारलं. तेव्हा भगवंतांनी त्याला सांगितलं की लोक आधीच लोभ, द्वेष आणि मोह यांनी बांधलेले असतात. जो नट ते आणखी भडकवतो, स्वतः धुंद होतो आणि दुसऱ्यालाही धुंद करतो, त्याची गती चांगली नाही. तालपुट रडला. भगवंतांच्या उत्तराने नव्हे, इतकी वर्षं आपण फसवले गेलो म्हणून रडला. पुढे तो भिक्खू झाला. आणि गंमत पाहा, या नटाच्या मोठ्या रचना 'थेरगाथे'त आजही आहेत. शब्दाची कला त्याला सुटली नाही. तिचं काम मात्र बदललं.

दुसरा प्रसंग पंचशिखाचा. तो वीणा घेऊन आला आणि भगवंतांसमोर गायला. भगवंतांनी त्याला हाकललं नाही. तुझ्या तारेचा स्वर आणि गळ्याचा स्वर छान जुळतो, असं त्याचं कौतुक केलं.

तिसरा प्रसंग सोणाचा. हा श्रीमंत घरचा नाजूक मुलगा भिक्खू झाला आणि चंक्रमण करून करून त्याचे पाय रक्ताळले. तो निराश झाला. भगवंतांनी त्याला विचारलं, तू घरी वीणा वाजवत होतास ना? तार फार ताणली तर सूर लागतो का? नाही. फार सैल सोडली तर? तरी नाही. मग प्रयत्नाचंही तसंच आहे.

साच्यावर काम केलेल्या माणसाला हे शिकवावं लागत नाही. बीमवरचा ताणा जास्त ओढला की तारा तटातट तुटतात, सैल सोडला की कापड नीट बसत नाही. आम्ही कानाने ओळखायचो साचा बरोबर चाललाय की नाही ते. पण मुद्दा असा की भगवंतांनी मन समजावून सांगायला उदाहरण घेतलं ते वाद्याचं. कला त्यांना परकी नव्हती.

या तीन प्रसंगांतून मला एक कसोटी सापडते. जी कला मनाला धुंद करते ती आपली नाही. जी मनाला जागं करते ती धम्माची. ही कसोटी चित्राला लावा, मूर्तीला लावा, गाण्याला लावा, टीव्हीवरच्या मालिकेलाही लावा.

आता आपल्या महाराष्ट्राच्या डोंगरांकडे वळू. तरुण मित्रांनो, तुम्ही लोणावळ्याला फिरायला जाता, तिथेच कार्ले आणि भाजे आहेत. कार्ल्याचं चैत्यगृह सुमारे १२४ फूट लांब आहे आणि जवळजवळ दोन हजार वर्षांचं आहे. त्याच्या छताला लाकडी कमानी अजून टिकून आहेत. हे सगळं एका राजाने हुकूम सोडून केलं असं नाही. तिथले शिलालेख वाचणाऱ्या विद्वानांनी सांगितलं आहे की खांब वेगवेगळ्या माणसांनी दान दिले. त्यात धेनुकाकट गावचे यवन आहेत, एक सुगंधी द्रव्यं विकणारा आहे. आणि दाराचं काम करणारा एक सुतार आहे, सामि नावाचा, वेणुवासाचा मुलगा. सुताराचं नाव बापाच्या नावासकट दगडावर आहे. ज्या देशात पुढे कारागिराच्या सावलीचाही विटाळ मानला गेला, त्याच देशात धम्माच्या काळात सुताराचं नाव चैत्याच्या दारावर कोरलं गेलं.

सांचीच्या दक्षिण तोरणावरही लेख आहे की हे कोरीवकाम विदिशेच्या हस्तिदंत कारागिरांनी केलं. आपल्या बोरिवलीजवळच्या कान्हेरीला शंभराहून जास्त लेणी आहेत. तिथल्या दात्यांमध्ये कल्याणचा सोनार आहे, ज्याने पाण्याचं टाकं दिलं, आणि कल्याणचा लोहार आहे, ज्याने वाट करून दिली. आणि अशा लेखांत दानाला शब्द वापरला आहे 'देयधम', म्हणजे धम्मदान. पाण्याचं टाकं हेही धम्मदान, कोरलेला खांब हेही धम्मदान. दोन्हींत फरक केलेला नाही.

काही लोक म्हणतात, पोटाला पुरेसं नाही आणि कला कसली? तो लोहार काही शेठ नसावा. पण वर्षावासात डोंगरावर राहणाऱ्या भिक्खूंना आणि दर्शनाला येणाऱ्या माणसांना वाट सोपी व्हावी, असं त्याला वाटलं. मन मोठं व्हायला पैसा मोठा लागत नाही.

आता अजिंठा. वाघुर नदीच्या वळणावर घोड्याच्या नालेसारख्या कड्यात ही लेणी आहेत. सर्वात जुनी लेणी इसवी सनापूर्वीची आणि बरीचशी पाचव्या शतकातली, वाकाटक राजा हरिषेण याच्या काळातली. १६ क्रमांकाचं लेणं त्याचा मंत्री वराहदेव याने दान दिलं. १८१९ साली जॉन स्मिथ नावाचा इंग्रज अधिकारी शिकारीला गेला असता त्याला ती दिसली, आणि १९८३ पासून ती जागतिक वारशाच्या यादीत आहेत.

पण मला तुमचं लक्ष कामाकडे वेधायचं आहे. लेणं कोरतात ते वरून खाली. आधी छत, मग खांब, मग जमीन. वाड्यात एखादा खांब चुकला तर दुसरा बसवता येतो. इथे छिन्नीचा एक घाव जास्त पडला तर दगड परत जोडता येत नाही. म्हणजे कारागिराला प्रत्येक घावाला जागं राहावं लागतं. यालाच आपण सम्यक स्मृती म्हणतो ना? तो पाथरवट ध्यानाला बसला होता की नाही मला ठाऊक नाही, पण त्याचं काम ध्यानाहून फार वेगळं नव्हतं. चित्रांचंही तसंच. आधी भिंतीला मातीचा गिलावा, त्यात भाताचं तूस आणि वनस्पतींचे तंतू मिसळलेले. वर चुन्याचा पातळ हात. मग रंग. तांबडा-पिवळा गेरूचा, काळा काजळीचा, हिरवा दगडाचा. निळ्यासाठी मात्र दूर अफगाणिस्तानच्या बाजूचा दगड. एवढी तयारी झाल्यावर कुठे बोधिसत्त्वाचा चेहरा उमटतो.

१० आणि १७ क्रमांकाच्या लेण्यांत छद्दंत जातकाची कथा रंगवली आहे. आपल्या मुलांना ती सांगत जा. सहा सुळ्यांचा एक हत्ती, तो बोधिसत्त्व. त्याच्या एका राणीने मागच्या जन्मीचा राग धरला आणि पुढे मनुष्यजन्मात राजाची राणी होऊन त्याचे सुळे आणायला शिकारी पाठवला. शिकाऱ्याने काषाय वस्त्र पांघरून बाण मारला. हत्ती त्याला चिरडू शकत होता. पण अंगावरचं काषाय वस्त्र पाहून त्याने राग आवरला आणि सुळे कापू दिले. ते सुळे राणीपुढे आले तेव्हा काय झालं? अजिंठ्याच्या चित्रात ती कोसळताना दिसते. सूड पुरा झाला आणि आनंद झाला नाही.

हे चित्र ज्याने काढलं त्याला माणसाच्या मनातला द्वेष ठाऊक होता. आपल्यालाही ठाऊक आहे. पिढ्यान् पिढ्या आपण अपमान सोसला. अन्यायाविरुद्ध लढायचंच आहे, बाबासाहेबांनी संघर्ष करायला सांगितलं आहे. पण मनात सूड साठवून ठेवला तर तो आधी आपल्यालाच कोसळवतो, ही गोष्ट पाच पानांच्या उपदेशापेक्षा त्या एका चित्राने पटते. कलेचा मनाशी संबंध आहे तो असा.

आणखी एक पाहा. सांचीच्या तोरणांवर भगवंतांची मानवी मूर्ती नाही. रिकामं आसन, बोधिवृक्ष, धम्मचक्र, पावलं, एवढ्याच खुणा आहेत. मूर्ती पुढे मथुरेला आणि गांधारात घडू लागल्या. म्हणजे कितीतरी पिढ्या आपल्या पूर्वजांनी रिकाम्या आसनासमोर हात जोडले आणि त्यांचं काही अडलं नाही. मूर्ती ही आठवण आहे. ती नवसाला पावत नाही. आपण पुष्पपूजा करतो तेव्हाही पाली शब्दांचा अर्थ तोच की हे फूल कोमेजेल तसा हा देहही कोमेजणार आहे. फूल वाहताना हा अर्थ मनात आला नाही तर नुसतं फूल वाया गेलं.

बाबासाहेब मूर्तीच्या विरोधात नव्हते. २५ डिसेंबर १९५४ रोजी देहू रोडला त्यांनी स्वतः बुद्धमूर्तीची स्थापना केली. ते व्हायोलिन शिकले, चित्रकला शिकले. एवढा कामाचा डोंगर, प्रकृती साथ देत नाही, तरी या माणसाने हातात ब्रश घेतला. त्यांनी काढलेलं उघड्या डोळ्यांच्या बुद्धाचं चित्र आपल्या अनेकांच्या घरात आहे. मिटलेल्या डोळ्यांच्या मूर्ती जगभर आहेत, त्याही सुंदर आहेत. पण उघड्या डोळ्यांचा बुद्ध लोकांचं दुःख पाहतो, असं मला ते चित्र पाहताना वाटतं. संपूर्ण धम्मच त्यात आला.

आता आपल्या विहाराकडे येतो.

मूर्तीबद्दल माझं मत असं की मूर्ती जरूर आणावी, पण बेताची आणावी. शेजारच्या वस्तीत अकरा फुटी आहे म्हणून आपली बारा फुटी, ही चढाओढ धम्मात बसत नाही. उरलेल्या निधीतून मागची खोली मुलांच्या चित्रकलेसाठी आणि गाण्यासाठी मोकळी करावी. दर रविवारी दोन तास. रंग-कागद समितीने द्यावेत. विहाराची एक भिंत मुलांना द्यावी, जातककथा त्यांनी रंगवाव्यात. हात वेडेवाकडे चालतील, चालू द्या. वर्षातून एकदा सगळ्यांनी कान्हेरीला जावं, नुसतं डबा खायला नव्हे, तिथल्या लेण्या समजून घ्यायला.

डीजेबद्दल बोलतो, तरुणांनी रागावू नये. गेल्या जयंतीला चाळीच्या काचा हादरत होत्या, म्हातारी माणसं कानात कापूस घालून बसली होती. त्या भिंतीएवढ्या कर्ण्यांतून वामनदादांचं गाणं चाललं होतं, पण त्यातला एक तरी शब्द कोणाला ऐकू आला का? ज्या गाण्याने माणसं जागी केली, त्याच गाण्यावर आपण धुंद व्हायला लागलो. तुम्ही म्हणाल, आम्हाला आनंद करायचा हक्क नाही का? आहे ना. १४ एप्रिल हा आपल्या सर्वात मोठ्या आनंदाचा दिवस आहे. नाचा, पण शब्द कळू द्या. आपल्याच वस्तीत उत्तम ढोलकी वाजवणारी पाच-सहा पोरं आहेत, खड्या आवाजाच्या मुली आहेत. त्यांना मिरवणुकीच्या पुढे बसवा. डीजेच्या भाड्यात वर्षभराचे शिक्षक आणि दोन ढोलक्या येतील. आजोबांनी हलगी टांगली ती लाचारीची होती. तुम्ही वाजवाल ती स्वाभिमानाची असेल. म्हणून तुम्हाला सांगतो, वाद्य सोडू नका, ते नीट शिका.

भगिनींना एक विनंती. महिला मंडळात दर पौर्णिमेला तुम्ही वंदना घेता, गीतं म्हणता. 'थेरीगाथा' म्हणजे भिक्खुणींच्या स्वतःच्या रचना आहेत. कोणी घरच्या जाचातून सुटलेली, कोणी मुलाच्या मरणाने वेडी झालेली. अडीच हजार वर्षांपूर्वी बाईने आपलं दुःख आणि आपली मुक्ती आपल्या तोंडाने सांगितली. त्याचे मराठी अनुवाद मिळतात. पौर्णिमेला त्यातली एकेक थेरी वाचा, आणि मग तुमच्यापैकी जिला वाटेल तिने आपलं स्वतःचं गाणं रचावं. 'थेरगाथे'त सुनीत थेर आहेत, जे आधी रस्त्यावरची कोमेजलेली फुलं झाडून काढायचं काम करत होते. झाडू मारणाऱ्या माणसाचे शब्द धम्माने जपून ठेवले. तुमचे शब्द कोणी जपायचे? आपणच.

समितीने हे मुद्दे पुढच्या बैठकीत घ्यावेत आणि खर्चाचा आकडा सर्व कुटुंबांपुढे ठेवून निर्णय करावा, एवढीच माझी मागणी आहे. निर्णय माझ्या मताविरुद्ध झाला तरी मी रविवारी दोन तास खोली झाडायला आणि मुलांना बसवायला येईन. ज्यांना मुलांची नावं नोंदवायची आहेत त्यांनी आजच विहारातल्या वहीत लिहावीत.



भवतु सब्ब मंगलम्.

जयभीम! नमो बुद्धाय!